ओट्यावर ठेवायचा पाण्याचा फिल्टर: पालिका, बोअर आणि टँकर एकाच टाकीत असतील तर कोणता घ्यावा?

मृद्गंध

पुण्याच्या पूर्वेकडे भाड्याचा फ्लॅट आहे. घरमालकाला भिंतीत भोक चालत नाही, म्हणून ओट्यावर ठेवता येईल असाच फिल्टर हवा. माणसं चार, त्यांत एक बाळ, दोन वर्षांचं. सोसायटीच्या टाकीत पालिकेचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी एकत्र येतं. टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटर पावसाळ्यात १८० ते २२० दाखवतो, मार्चनंतर ६५० ते ७५०. फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर असल्यानं नळाला जोर नाही. दुकानात विचारलं की एकच उत्तर मिळतं, आरओ (मेम्ब्रेन नावाच्या बारीक पडद्यातून दाबानं पाणी ढकलून क्षार काढणारं यंत्र) घ्या. यूएफ (पोकळ तंतूंची बारीक गाळणी) किंवा यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा दिवा) पुरेल का? आणि आरओच लागणार असेल तर घेताना काय बघायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

पाणीपारखी

आधी कोणतं यंत्र हे बाजूला ठेवा. पाण्यातून नेमकं काय काढायचंय ते ठरवा, कारण प्रत्येक यंत्र वेगळी गोष्ट काढतं.

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू, कीटकनाशकं, शिसं यांबद्दल तो काही सांगत नाही. सांडपाणी मिसळलेलं पाणी २०० दाखवू शकतं आणि खोल बोअरचं जंतूविरहित पाणी ८००. म्हणून नुसत्या त्या आकड्यावर यंत्र विकत घेणं चूक आहे.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) आहे. त्यात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेता येतं. एकूण कठीणपणा २०० आणि नाइलाज असेल तर ६००. फ्लोराइड १, कमाल १.५. नायट्रेट मात्र ४५, आणि तिथे सवलत नाही. ई. कोलाय हा विष्ठेतला जंतू १०० मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही.

तुमच्या बाबतीत माझी शंका नायट्रेटवर आहे. शहराच्या कडेला जिथे ड्रेनेज अर्धवट आणि सेप्टिक टँक शेजारी शेजारी असतात तिथे बोअरमध्ये नायट्रेट हमखास वाढतं. त्याला रंग नाही, वास नाही. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यानं किंचित वाढतंच. मेणबत्तीचा फिल्टर, यूएफ, यूव्ही, कार्बन, कशानंच नायट्रेट निघत नाही.

तेव्हा आधी एक तपासणी करून घ्या. एप्रिल-मे हा योग्य काळ, टँकर आणि बोअरचा वाटा तेव्हा सगळ्यात जास्त असतो. जिल्ह्याच्या सरकारी प्रयोगशाळेत किंवा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळेत पाणी द्या. टीडीएस, पीएच, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, गढूळपणा आणि कोलिफॉर्म (दूषित पाण्याची खूण असलेले जंतू) एवढं सांगा. पन्नास घटकांचं महागडं पॅकेज नको.

नमुना नीट घेतला नाही तर पैसे वाया. रासायनिक तपासणीसाठी दोन लिटरचा स्वच्छ प्लास्टिक कॅन त्याच पाण्यानं तीनदा खंगाळून काठोकाठ भरा. जंतूंसाठीची बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक मिळते. ती खंगाळायची नाही, कारण आत क्लोरिन मारणारं औषध आधीच घातलेलं असतं. नळाची जाळी काढा, तोंड स्पिरिटनं पुसा, दोन-तीन मिनिटं पाणी सोडा, मग भरा. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

फिटरदादा

पाणीपारखींनी रसायन सांगितलं, मी दाबाचं सांगतो, कारण वरच्या मजल्यावर चांगलं यंत्रसुद्धा दाबामुळे फसतं.

गच्चीवरच्या टाकीच्या तळापासून तुमच्या नळापर्यंतची उभी उंची मीटरमध्ये मोजा आणि दहानं भागा. तेवढे किलो (प्रति चौरस सेंटीमीटर) दाब. चार मीटर असेल तर ०.४ किलो, आणि अर्ध्या इंची जुनी लाइन असेल तर पाणी चालू असताना त्याहूनही कमी. बऱ्याच आरओ आणि यूव्ही यंत्रांच्या माहितीपत्रकात किमान दाब ०.३ किलो लिहिलेला असतो. म्हणजे तुम्ही काठावर आहात. टाकी अर्धी झाली किंवा बाहेरचा प्री-फिल्टर थोडा जाम झाला की मशीन बंद-चालू, बंद-चालू करत राहील.

ओट्यावर ठेवायचे मुख्य प्रकार असे.

वरून पाणी ओतायचे, दोन डब्यांचे. वीज नाही, नळाचा दाब नाही. आत सिरॅमिक कँडल, कार्बन किंवा यूएफ. वेग कमी, एक कँडल तासाला साधारण लिटरभर पाणी देते. चार माणसांना पिण्यापुरतं रात्री भरून ठेवलं तर पुरतं.

नळाला डायव्हर्टर (पाणी फिल्टरकडे वळवणारा जोड) लावून चालणारे. यात कार्बन ब्लॉक किंवा यूएफ असतो. अर्धा मायक्रॉनच्या घट्ट कार्बन ब्लॉकला चांगला दाब लागतो, तुमच्याकडे धार करंगळीएवढी येईल. यूएफच्या पोकळ तंतूंचं काम कमी दाबावर होतं.

विजेवरचे यूव्ही किंवा यूव्ही आणि यूएफ.

आणि टाकीवाला आरओ. यात २४ व्होल्टचा बूस्टर पंप मेम्ब्रेनला लागणारा दाब स्वतः तयार करतो. पण आत येणारं पाणी तरी त्याला अखंड मिळायला हवं.

डायव्हर्टर घेण्याआधी नळ बघा. तोंडाशी आटे असलेला, जाळी फिरवून निघणारा नळ असेल तरच तो बसतो. साध्या बिबकॉकला रबरी अडॅप्टर लावतात, पण रात्रभर दाब धरला की तो सुटतो आणि सकाळी स्वयंपाकघरात पाणी साचतं. त्यापेक्षा नळ बदला.

मृद्गंध

उंची साडेचार मीटर भरते. नमुना उद्या देते. दरम्यान एक विचारते, आत्ता पाणी गाळून उकळतोय. जंतूंसाठी तेवढं पुरे ना?

सूक्ष्मदर्शी

ताई, जंतूंसाठी पुरेसं आहे. पाणी खदखदून उकळायला लागल्यावर एक मिनिट राहू द्या, झाकून त्याच भांड्यात निवू द्या. दहा-वीस मिनिटं उकळत ठेवल्यानं गॅस जातो, जास्तीचा फायदा नाही. उकळलेलं पाणी न धुतलेल्या माठात ओतणं आणि त्यात हातासकट पेला बुडवणं, इथे सगळी मेहनत वाया जाते. तोटीचं भांडं ठेवा.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा दूषित पाण्यावर संशय होता आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जीवाणू सापडला होता. त्या काळात टीडीएस मीटर घेऊन पाणी ‘चांगलं’ असल्याची खात्री करणारे खूप लोक दिसले. त्या मीटरला हा जंतू दिसत नाही, म्हणून पुन्हा लिहिते आहे.

घरच्या घरी दोन गोष्टी करता येतात. ओटीचे (ऑर्थोटोलिडिन) थेंब आणा, ग्रामपंचायतीत ज्यानं क्लोरिन बघतात तेच. पाण्यात टाकल्यावर पिवळी छटा आली म्हणजे क्लोरिन शिल्लक आहे. नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. टँकर आल्या दिवशी आणि दोन दिवसांनी अशी दोनदा बघा. टाकीत क्लोरिन टिकतंय का ते लगेच कळतं. ते तपासलेलं पाणी ओतून द्या, प्यायचं नाही.

दुसरी एचटूएसची बाटली. खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवायची. काळी पडली तर विष्ठेतल्या जंतूंचा संशय धरायचा. काळी बाटली तशीच सिंकमध्ये रिकामी करू नका, आधी ब्लीचिंग पावडर घाला.

आता फिल्टरांचं. यूएफचं छिद्र ०.०१ मायक्रॉनच्या आसपास. जीवाणू आणि जिआर्डियासारख्या परजीवींच्या पुट्या अडतात. काही विषाणू त्याहूनही मोठे असतात, काही जवळपास तेवढेच, म्हणून विषाणूंची पूर्ण हमी यूएफवर ठेवू नये. यूव्ही विषाणूंनाही निकामी करतं, पण पाणी नितळ असेल तरच. गढूळ पाण्यात कणाच्या सावलीत जंतू सुखरूप राहतो. पावसाळ्यात पहिल्या पुरानंतरच्या पाण्याला यूव्हीच्या आधी ५ मायक्रॉनचा स्पन (गाळ अडवणारी गाळणी) आणि यूएफ दोन्ही हवेत.

आणि यूव्हीचा दिवा निळा दिसतो म्हणजे काम करतो असं नाही. २५४ नॅनोमीटरचा मारा डोळ्यांना दिसत नाही. दिसणारा निळा उजेड शाबूत राहतो आणि मारा मात्र हळूहळू घटतो. सतत चालणारा दिवा साधारण ८००० ते ९००० तासांनी बदलावा. त्याभोवतीच्या क्वार्ट्झच्या नळीवर कठीण पाण्याचा पांढरा थर बसतो, तो दर सर्व्हिसला लिंबाच्या पाण्यात किंवा सायट्रिक आम्लात बुडवून काढायला सांगा.

केळीचेपान

सिरॅमिक कँडल तडकली आहे का हे कसं ओळखायचं? सासूबाईंचा स्टीलचा फिल्टर अजून वापरात आहे.

सूक्ष्मदर्शी

कँडल पाण्यात भिजवून पूर्ण बुडवा आणि दांड्यातून हलके हवा फुंका. एकाच जागेवरून बुडबुड्यांची रांग आली तर तिथे तडा आहे किंवा कँडल बुडाच्या सांध्याशी सुटली आहे. तशी कँडल टाकून द्या. सगळीकडून बारीक दवासारखे फुगे आले तर ठीक. धुताना मऊ ब्रश आणि साधं पाणी, साबण नको. घासून घासून बारीक झालेली कँडल कितीही पांढरीशुभ्र दिसली तरी बदलायची. गळती पुष्कळदा कँडलमधून नसते, तिच्या रबरी वॉशरशी असते. वरच्या डब्यातलं पाणी न गाळता तिथून सरळ खाली उतरतं.

पूर्णाकाठ

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांसाठी थोडं वेगळं. पूर्णेच्या खोऱ्यात भूजलच खारं. तिथे यूएफ-यूव्हीची चर्चा करून उपयोग नाही, चव जशीच्या तशी राहते. पण बोअरचा टीडीएस २००० च्या वर असेल तर घरगुती आरओचं मेम्ब्रेनही लवकर बसतं. पावसाचं छतावरचं पाणी टाकीत साठवून पिण्याला तेच वापरणं आणि त्याला कँडल किंवा यूएफ लावणं जास्त टिकाऊ पडतं. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या वाचकांनी फ्लोराइड तपासल्याशिवाय कोणताच फिल्टर घेऊ नये.

हडसनकाठ

न्यू जर्सीतून लिहितोय. इथे पालिकेच्या नळात जंतूंची काळजी फारशी नसते, जुन्या इमारतींच्या नळांतून शिसं उतरतं ती असते. ओट्यावरचा किंवा पाण्याच्या जगमधला फिल्टर घेताना एनएसएफ (फिल्टरांचं अमेरिकन प्रमाणपत्र) ४२ की ५३ ते बघा. ४२ म्हणजे फक्त क्लोरिन आणि चव. शिशासाठी ५३ हवं, आणि त्या यादीत ‘शिसं’ हा शब्द हवा, कारण ५३ चं प्रमाणपत्र प्रत्येक घटकाला वेगळं असतं. आरओसाठी ५८. हेच जग-फिल्टर भारतात आई-वडिलांसाठी नेणाऱ्यांनी पाकिटावरची ओळ वाचा: जंतूंच्या दृष्टीनं असुरक्षित पाण्याला वापरू नये, असं त्यावरच छापलेलं असतं.

मृद्गंध

अहवाल आला. टीडीएस ७१०, एकूण कठीणपणा ४३०, क्लोराइड १६०, फ्लोराइड ०.६, लोह नगण्य, नायट्रेट ६२, गढूळपणा १.५, कोलिफॉर्म आढळले.

पाणीपारखी

मग उत्तर मिळालं. नायट्रेट ४५ च्या वर आणि घरात लहान मूल, म्हणून उन्हाळ्याच्या पाण्याला आरओ हवा. टीडीएस ७१० असूनही नायट्रेट २० असतं तर मी यूएफ आणि यूव्हीवर थांबायला सांगितलं असतं. नायट्रेटचा सर्वांत जास्त धोका सहा महिन्यांच्या आतल्या, बाटलीनं दूध पिणाऱ्या बाळांना असतो. तुमचं मूल त्या वयापुढे गेलंय, म्हणून घाबरू नका. पण रोजच्या पाण्यात ते ठेवायचं कारणही नाही. यंत्र येईपर्यंत पिण्याला आणि बाळाच्या खाण्याला विश्वासातल्या ठिकाणचं निव्वळ पालिकेचं पाणी उकळून वापरा, टाकीतलं उकळून नव्हे.

आणि सोसायटीला एक जरूर विचारा: पालिकेचं पाणी स्वयंपाकघराच्या लाइनला वेगळं देता येईल का? खडकवासल्याचं पाणी मुळात गोड आणि कमी क्षारांचं. तेवढं वेगळं मिळालं तर आरओ लागतच नाही. गच्चीवर वेगळी छोटी टाकी आणि किचनपुरती एक उभी लाइन, एवढंच काम आहे. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये टीडीएस ५०० च्या आतल्या पाण्याला आरओ वापरण्यावर बंदी घालायला सांगितलं ते यासाठीच, पाणी फुकट जातं.

गणपुले_काकू

पण आरओनं सगळी खनिजं जातात, हाडं ठिसूळ होतात म्हणतात. मग मुलाला असं पाणी द्यायचं?

पाणीपारखी

काकू, खनिजं जातात हे खरं. पण आपलं कॅल्शियम मुख्यतः दूध, दही, नाचणी, पालेभाज्या यांतून येतं, पाण्याचा वाटा छोटा. टीडीएस आधीच शंभराच्या आत असलेल्या पाण्याला आरओ लावून ते १० वर आणणं निरर्थक आहे, चवही मिळमिळीत लागते. मृद्गंध यांच्याकडे प्रश्न नायट्रेटचा आहे, म्हणून त्यांनी आरओ घ्यावा. ‘मिनरल’, ‘अल्कलाइन’, ‘कॉपर’ अशा जादा कार्ट्रिजवर पैसे घालू नयेत.

टीडीएस कंट्रोलर मात्र समजून घ्या, सगळ्यात जास्त घोटाळा तिथे होतो. तो स्क्रू खनिजं घालत नाही. तो मेम्ब्रेनला वळसा घालून कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. कच्चं ७१०, मेम्ब्रेनचं ५०, आणि तुम्हाला १२० हवंय, तर कच्च्याचा वाटा ७० भागिले ६६०, म्हणजे साधारण १०.६ टक्के. नायट्रेटला मेम्ब्रेन इतर क्षारांइतकं घट्ट अडवत नाही, म्हणून ८० टक्केच अडलं असं धरू: ६२ पैकी १२ उरतं. मिसळल्यावर १७ च्या आसपास. ४५ च्या बरंच आत, चालेल. पण तंत्रज्ञानं ‘गोड लागावं’ म्हणून स्क्रू अर्धा उघडला तर नायट्रेट ३७ वर जातं, आणि मेम्ब्रेन बरंच जुनं झालं तर मर्यादाही ओलांडू शकतं. बसवताना १०० ते १५० वर ठेवून घ्या. फ्लोराइड किंवा आर्सेनिकवाल्या भागात तो पूर्ण बंदच हवा. मिसळलेलं कच्चं पाणी जंतूंसकट येतं, म्हणून यूव्ही मिसळण्याच्या जागेनंतर असलेलं मॉडेल बघा.

फिटरदादा

आता घेताना आणि बसवताना काय.

७५ किंवा ८० जीपीडीचं (दिवसाला तेवढे गॅलन) मेम्ब्रेन घ्या. ८० जीपीडी म्हणजे कागदावर तासाला साडेबारा लिटर, घरी थोडं कमीच. प्रमाणित मापाचं मेम्ब्रेन आणि कार्ट्रिज असलेलं यंत्र घ्या, बंदिस्त खास कार्ट्रिजवालं नको. खास कार्ट्रिज फक्त एकाच ठिकाणी मिळतं आणि तीन वर्षांनी ते मिळेलच असं नाही. दुकानात किंमत विचारताना एका वर्षाच्या स्पन, सेडिमेंट, कार्बनच्या आणि मेम्ब्रेनच्या किमतीही लिहून घ्या.

कठीणपणा ४३० आहे म्हणून मेम्ब्रेनच्या आधी अँटिस्केलंट (चुना धरू न देणाऱ्या) गोळ्यांचं कार्ट्रिज हवंच, नाहीतर वर्ष संपायच्या आत मेम्ब्रेनवर चुना बसेल. क्रम असा: बाहेर ५ मायक्रॉनचा स्पन, मग सेडिमेंट, कार्बन, अँटिस्केलंट, पंप, मेम्ब्रेन. कार्बन मेम्ब्रेनच्या आधी का, तर क्लोरिननं मेम्ब्रेन जळतं. कार्बन वेळेवर न बदलणं म्हणजे स्वस्त भाग वाचवून महाग भाग मारणं.

भोक न पाडता बसवायचं तर सिंकखालच्या अँगल कॉकवर तीन तोंडांचा वॉल्व्ह लावा. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनं सहा-सात वेढे. तिथून पाव इंची नळी ओट्याच्या मागून वर आणा. स्पनचं हाउसिंग सिंकखालच्या कपाटात उभं ठेवा, खाली ट्रे. रिजेक्टची (क्षार घेऊन बाहेर पडणाऱ्या पाण्याची) नळी सिंकमध्ये सोडताना टोक पाण्यात बुडू देऊ नका. नळी फूटभर जास्त ठेवा, मशीन पुढे ओढून मागची बाजू पुसता येते. गॅसच्या शेगडीपासून लांब ठेवा, आणि प्लग सिंकच्या शिंतोड्यांपासून.

पहिल्या दोन टाक्या ओतून द्या. कार्बनची काळी भुकटी आणि मेम्ब्रेनवरचं टिकवण्याचं रसायन त्यात जातं.

रिजेक्ट: एक लिटरला तीन लिटर धरा. चार माणसांचं पिणं-स्वयंपाक वीस लिटर, तर साठ लिटर बाहेर. ते बादलीत घेऊन लादी, संडास, भांड्यांचं पहिलं पाणी याला वापरा. कुंड्यांना रोज नको, कारण ७१० चं पाणी आत गेलं तर रिजेक्ट ९३० च्या आसपास निघतं आणि मातीवर पांढरी खपली धरते. पाणी वाचवायला म्हणून कुणी फ्लो रिस्ट्रिक्टर (रिजेक्टची धार रोखणारा भाग) घट्ट बसवून देतो म्हणाला तर नको म्हणा. रिजेक्ट कमी झालं की क्षार मेम्ब्रेनवरच साचतात.

मृद्गंध

फार उपयोगी पडलं. बिघाड ओळखायच्या खुणा कुणी सांगेल का? सर्व्हिसवाला आला की दरवेळी ‘मेम्ब्रेन गेलं’ म्हणतो असं शेजारी सांगतात.

फिटरदादा

मेम्ब्रेन गेलं का, हे तुम्हीच बघा. टीडीएस कंट्रोलर पूर्ण बंद करायला सांगा, पंधरा मिनिटं मशीन चालू द्या, आणि टाकीत पडण्याआधी नळीतलं पाणी मोजा. चांगलं मेम्ब्रेन नव्वद टक्क्यांच्या वर अडवतं. ७१० चे ७० च्या आत यायला हवेत. १४० च्या वर गेले तर बदला. टाकीतलं पाणी मोजून निष्कर्ष काढू नका, त्यात जुनं आणि मिसळलेलं पाणी असतं.

रिजेक्ट भरपूर येतं, शुद्ध थेंब थेंब: पंपाचा दाब पडलाय किंवा मेम्ब्रेन चुन्यानं बसलंय. दोन्ही मंदावले: आधी स्पन बघा, तो बहुतेक तपकिरी झालेला असतो. मशीन बंद असतानाही रिजेक्टमधून पाणी वाहतंय: सोलेनॉइड वॉल्व्हमध्ये (विजेवर उघडणारा-मिटणारा) कचरा अडकलाय, तो मिटत नाही. पाणी रात्रभर फुकट जातं, लगेच दुरुस्त करा. पंप गुरगुरतोय आणि पाणी नाही: आत पाणीच येत नाहीये, तुमच्या मजल्यावर हे होणार. लो-प्रेशर स्विच असलेलं मॉडेल घेतलंत तर पंप कोरडा चालून जळत नाही. बंद-चालू फारच व्हायला लागलं तर स्पनच्या आधी छोटा प्रेशर पंप लावावा लागेल, पण आधी अँगल कॉकची जाळी साफ करून बघा. निम्म्या वेळा काम तिथेच होतं.

सूक्ष्मदर्शी

टाकीची स्वच्छता राहिली. कार्बन आणि मेम्ब्रेननंतर पाण्यात क्लोरिन उरत नाही, त्यामुळे साठवणीच्या टाकीत बुळबुळीत थर धरतो. बोट फिरवून बघा. दर तीन महिन्यांनी टाकी रिकामी करून १० लिटर पाण्यात ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट १० मिलिलिटर घाला, सुगंधी नको. तोटीतूनही थोडं सोडून अर्धा तास ठेवा. मशीनचं पाणी या वेळात बंद, हे द्रावण मेम्ब्रेनकडे जाता कामा नये. मग दोन-तीनदा धुवा, क्लोरिनचा वास जाईपर्यंत.

पावसाळ्यात अहवाल पुन्हा काढा. नायट्रेट ४५ च्या आत आणि टीडीएस २०० असेल तर त्या महिन्यांत कंट्रोलर थोडा उघडता येईल. पण जंतू तेव्हाच जास्त, म्हणून यूव्हीचा दिवा पावसाळ्याच्या तोंडाशी बदलून घ्या.

मृद्गंध

गणपतीत दहा-बारा दिवस गावी जातो. तेव्हा मशीनचं काय करायचं?

फिटरदादा

जाताना वॉल्व्ह बंद, प्लग काढा, टाकी रिकामी करून झाकण किंचित उघडं ठेवा. मेम्ब्रेन आतल्या आत ओलंच राहू द्या, बाहेर काढून वाळवू नका, वाळलं की ते कामातून जातं. परत आल्यावर पंधरा-वीस मिनिटं चालवून ते पाणी सोडा, टाकी पूर्ण एकदा भरून ओता, दुसऱ्या टाकीपासून प्या. महिनाभराहून जास्त बंद राहणार असेल तर आल्यावर स्पन आणि कार्बन बदलूनच सुरू करा.